कापलेला पाय योजनेत बसतो

भाचीच्या लग्नात मी नवरीच्या मामाचं काम इतकं चोख केलं, की माझा उजवा पाय जाता जाता राहिला.

मंद्रूपचं लग्न, वैशाखातलं ऊन. आमच्या भागात लग्नाला लोक ‘अक्षता’च म्हणतात. तर साडेबाराची अक्षता होती आणि कुठल्याशा पुढाऱ्याची वाट बघण्यात दीड वाजून गेला होता. देवळासमोरच्या शहाबादी फरशीवर मांडव घातलेला, आणि मांडवाचं कापड नेमकं आम्हा मामालोकांच्या डोक्यावर फाटलेलं. नवरीच्या मागे मामानं चपला काढून उभं राहायचं. माझ्या शेजारी माझा चुलतभाऊ बाळू, तोही मामाच. पहिल्या मंगलाष्टकालाच तो या पायावरून त्या पायावर नाचायला लागला. मी मात्र ढिम्म. मागून कोणीतरी म्हणालं, “मामा लई खमक्या हाय की! हालंना गेलाय.”

मी मान आणखी ताठ केली. बाळूला हळूच म्हणालो, “शेतकऱ्याचं पोर ना तू? मग नाचतोस काय असा?”

वर पंगतीत हुग्गी दोनदा घेतली. साखर असलेल्या माणसानं गव्हाची गोड खीर दोनदा घेऊ नये हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी मी खमक्या होतो.

संध्याकाळी सोलापुरात घरी येऊन पाय धुवायला बसलो तर तळव्यावर पुरीएवढा फोड. मला चटका बसला नव्हता असं नाही. मला तो कळलाच नव्हता. नऊ वर्षांच्या साखरेनं पायाची जाण केव्हाच नेली होती, आणि मी त्याला मर्दानगी समजत होतो.

सुई

आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. शैला, म्हणजे माझी बायको, कापड बेतते आणि कापते. मशीनवर दोन बायका आहेत. मी गल्ल्यावर बसून शहाणपणा सांगतो.

त्या फोडाला मी दुकानातली सुई टोचली. आधी काडीपेटीच्या काडीवर तापवून घेतली, म्हणजे शास्त्रीय पद्धतीनं. वर हळद दाबली. शैला म्हणाली, “डॉक्टरला दाखवा.” मी म्हणालो, “दुखतच नाही तर दाखवू काय?”

तुमच्या घरात कोणी हे वाक्य म्हणत असेल, तर त्याला आजच्या आज उठवून घेऊन जा. साखरवाल्याचा पाय दुखत नाही ही आनंदाची बातमी नव्हे. रोज तळवा बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा, बायकोला सांगा, पोरांना सांगा. एवढंच घेऊन हे वाचणं थांबवलंत तरी माझी तक्रार नाही.

जूनचा सीझन तोंडावर होता. अख्खी शाळा दुकानात येते त्या दिवसांत. दहा दिवस मी बुटात पाय कोंबून उभा राहिलो. अकराव्या दिवशी हुडहुडी भरली. शैलानं जबरदस्तीनं मोजा काढला आणि तोंडाला पदर लावला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं.

काचेचा दवाखाना

कुठं जायचं यावर आमच्या घरात चर्चा झाली नाही, कारण माझं मत सगळ्या पेठेला माहीत होतं. दुकानासमोरच्या चहाच्या गाड्यावर मी वर्षानुवर्षं भाषण देत आलो होतो: सरकारी दवाखाने बंद करा, सगळं खासगीला चालवायला द्या, पैसा घेतात पण माणसासारखं वागवतात. टाळ्या नाहीत, पण चहा फुकट मिळायचा.

तेव्हा गेलो काचेच्या दवाखान्यात. नाव लिहीत नाही. गार हवा, फुलदाणी, नमस्कार करणारी मुलगी. मला बरंही वाटलं, ते लपवणार नाही. पहिल्या दिवशी एका तरुण डॉक्टरनं पाय धुऊन पट्टी बांधली, मोबाइलवर पायाचे फोटो काढले, सलाइन लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी एक्स-रे खिडकीकडं धरला, तरुण डॉक्टरच्या मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाले, “गुडघ्याखाली घ्यावा लागेल. उद्या सकाळी घेऊ. थांबलात तर मांडीपर्यंत जाईल.” आणि गेले. काय घेऊ, हे मला ते दाराबाहेर गेल्यावर समजलं.

आजार कळण्याचा दिवस म्हणतात तो हा. लोक लिहितात, पायाखालची जमीन सरकली. माझं लक्ष भलतीकडंच गेलं. पलंगाखाली माझे बूट होते, सीझनसाठी घेतलेले, नवे कोरे. डावा ठेवू आणि उजव्याचं काय करू, हे मी कितीतरी वेळ खरोखर ठरवत बसलो होतो.

खाली सरकारी योजनेचं टेबल होतं. तिथला टाय लावलेला मुलगा फार गोड बोलायचा. शैलानं मलाही चाकाच्या खुर्चीवरून बरोबर नेलं होतं.

“टेन्शन घेऊ नका मॅडम,” तो म्हणाला, “ऑपरेशन योजनेत बसतंय. तुम्हाला काहीच लागणार नाही.”

“आणि पाय ठेवून बरा करायचा म्हटलं तर?”

“म्हणजे रोजचं ड्रेसिंग वगैरे? ते नाही बसत मॅडम. ते दोन-दोन महिने चालतं. ते तुमच्याकडं.”

शैला म्हणाली, “म्हणजे कापला तर फुकट, आणि ठेवला तर पैसे?”

“मॅडम, योजना मी नाही बनवली.”

हे ‘मी नाही बनवली’ मी पुढं इतक्या तोंडांतून ऐकलं, की हा देश कोणीच बनवलेला नाही, तो आपोआप पडला आहे, अशी माझी खात्री झाली.

वर आलो. संमतीचा कागद आला. मी सही केली. ताप होता, भीती होती, आणि मोठ्या डॉक्टरांना नाही म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. नातेवाइकाच्या सहीची जागा रिकामी होती. सिस्टरनं पेन शैलापुढं धरलं.

शैला अक्कलकोटकडची. राग वाढला की तिचं मराठी संपतं आणि कानडी सुरू होते. “बेडा,” ती म्हणाली. म्हणजे नको. मग माझ्या हातातला कागद काढून घेऊन, “साकु!” म्हणजे पुरे झालं.

मी म्हणालो, “अगं, मांडीपर्यंत जाईल म्हणतायत ते.”

“तुम्ही गप बसा. दहा दिवस तुमचंच ऐकलं.”

पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीला तिनं फोन लावला. फोन कानाला होता तरी मला पलंगावर सगळं ऐकू येत होतं. “आई, तुला वेड लागलंय का? सरकारीत नेणार? तू मारशील बाबांना!” शैलानं शांतपणे फोन ठेवला. त्यानंतर आठ दिवस त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मुलगी मला विचारायची, “आई जेवली का?” आणि शैला विचारायची, “तिचा फोन आला होता का?” माझा पाय राहिला बाजूला, मी मधला निरोप्या झालो.

जाताना एका छापील कागदावर आम्ही आमच्या जबाबदारीवर चाललो आहोत अशी सही द्यावी लागली. ती मात्र शैलानं झोकात केली.

चाक नसलेलं स्ट्रेचर

आता तुम्हाला वाटेल, सरकारी दवाखान्यात गेलो आणि देव भेटला. थांबा. राग अजून पुष्कळ शिल्लक आहे.

दारात स्ट्रेचर होतं, त्याला एक चाक नव्हतं. लिफ्टवर ‘बंद आहे’ असा कागद होता आणि तो कागदही जुना होऊन पिवळा पडला होता. शैला आणि रिक्षावाला यांनी मला धरून वर चढवलं. केसपेपरच्या रांगेत शैला उभी राहिली तेव्हा दहा वाजले होते. मी बाकावर आडवा झालो, तर एक बाई म्हणाली, “ओ काका, पाय घ्या की वर, वास येतोय.” तिचं चुकलं नव्हतं. वास येतच होता.

दुपारी सर्जन मॅडमपुढं गेलो. चाळिशीच्या असतील. त्यांच्या शेजारी अजून दोन टेबलं होती, दोन्ही रिकामी, आणि त्यांच्या वाटची माणसं मॅडमच्याच रांगेत. त्यांनी मान वर न करता विचारलं, “किती दिवस?” मग स्टूल ओढून खाली बसल्या, स्वतः पट्टी सोडली, आणि पायाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून डोळे मिटले. भोवती आरडाओरडा चाललेला, कोणाचं पोर रडतंय, आणि ही बाई माझ्या पायावर बोटं ठेवून गाणं ऐकावं तशी ऐकतेय.

“नाडी लागतेय,” त्या म्हणाल्या. “दोन बोटं जातील. बाकीचा पाय वाचवायला बघू. पण वेळ लागेल, दुखेल, आणि इथं तुमचे हाल होतील. चालेल?”

मी म्हणालो, “दुखेल म्हणता?” मला आनंदच झाला.

“आत जिथं जाण शिल्लक आहे तिथं दुखेल हो. एवढं खूश होऊ नका.”

दोन बोटं गेली. मग सुरू झालं ड्रेसिंग.

मामू, छत देख

ड्रेसर होते रफिकभाई. निवृत्तीला आलेले, चष्म्याला दोरी. रोज सकाळी ट्रॉली आली की वॉर्डात शांतता पसरायची. “मामू, हिलना नक्को. छत देख.” मी छत बघायचो. छताला ओल येऊन एक नकाशा उमटला होता. पंचेचाळीस दिवसांत मी तो पाठ केला. रफिकभाई खरडायचे, धुवायचे, भरायचे, आणि मधेच गणवेशाच्या किमतीवरून मला शिव्या द्यायचे, कारण त्यांचे नातू आमचे गिऱ्हाईक निघाले.

सहाव्या दिवशी ट्रॉली आली नाही. जखमेत भरायचं जाळीदार कापड, म्हणजे गॉज, संपलं होतं. म्हणजे कापड होतं, थानच्या थान आलं होतं, पण ते कापून, घड्या घालून, डब्यात भरून वाफेत निर्जंतुक करायला माणूस नव्हता. ते काम करणारी मावशी निवृत्त झाली होती आणि तिच्या जागी कोणी आलं नव्हतं. इनचार्ज सिस्टर स्वतः दोन इंजेक्शनांच्या मधे बसून कापत होत्या. चिठ्ठ्या निघाल्या, ‘बाहेरून आणा’.

शैला चिठ्ठी घेऊन सिस्टरच्या टेबलाशी गेली. मला वाटलं, आता कानडी सुरू होणार. तिनं थानाकडं बघितलं. “सिस्टर, असं एकेरी कापताय होय? दिवस जाईल. आठ पदर करा, मग कात्री लावा. आणा हिकडं.”

“ओ बाई, पेशंटच्या नातेवाइकाला नाही देता येत.”

“मग पेशंटला पट्टी द्या.”

सिस्टरनी कात्री दिली. संध्याकाळपर्यंत तीन डबे भरून वाफेला गेले. दुसऱ्या दिवशी शैलानं दुकानातली मोठी कात्री आणली आणि सगळ्या बायकांना, ज्यांची माणसं पलंगावर पडली होती त्या सगळ्यांना, हात धुवायला लावून घड्या घालायला बसवलं. वॉर्डाचं ड्रेसिंग पुन्हा कधी थांबलं नाही.

लोक हे ऐकलं की म्हणतात, वा, काय वहिनी! मला वा म्हणायचं नाही. मला विचारायचंय, की गणवेश शिवणाऱ्या बाईचा नवरा योगायोगानं त्या वॉर्डात पडला नसता तर तिथल्या माणसांनी काय करायचं होतं? एका मावशीची रिकामी जागा भरायची नाही, आणि मग सरकारी दवाखाने चालतच नाहीत म्हणून गळा काढायचा. गाड्यावर हा गळा सगळ्यात मोठ्यानं मीच काढत होतो.

वॉर्डातल्या समाजसेवा विभागाच्या बाईंना मी काचेच्या दवाखान्यातल्या त्या योजनेच्या टेबलाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “असं कोणी सांगितलं? त्यातूनही काही होऊ शकतं. त्यांना करायचं नसेल.” टायवाला म्हणतो बसत नाही, बाई म्हणतात बसू शकतं. खरं काय ते मला आजही माहीत नाही. ज्याला एका दिवसात पाय ठेवायचा की काढायचा हे ठरवायचंय, त्याला ते कळायची सोय नाही, एवढं मात्र पक्कं माहीत आहे.

बिरूआबा

शेजारच्या पलंगावर बिरूआबा होते. पश्चिमेकडच्या कोरड्या माळावरचे, मेंढरं राखणारे, सत्तरीचे. पायात बाभळीचा काटा मोडला होता. त्यांनाही साखर, पण हे त्यांना इथं आल्यावर कळलं.

“काटा मोडला त्याच दिशी गेलतो की आरोग्य केंद्रात,” ते सांगत. “डाक्टर न्हाय म्हनले. गोळी दिली. परत गेलो, डाक्टर न्हाय. गोळी दिली. तिसऱ्या टायमाला कुलूपच.”

“मग खासगीत का नाही गेलात?”

“गेलो की. त्यानं तर आदी सुई मारली, मग इचारलं काय झालंय.” आणि ते खो खो हसले. हसताना दात नव्हतेच, नुसत्या हिरड्या.

रविवारी माझे मेहुणे भेटायला आले. नाकाला रुमाल, हातात शहाळं. “दाजी, हे कुठं येऊन पडलाय? ताईचं ऐकून? अहो, हे सगळं खासगीला चालवायला द्यायला पाहिजे. सरकारचं कामच नाही हे.”

माझंच भाषण. शब्द न शब्द माझा. त्यांनी ते माझ्याच गाड्यावर ऐकलं होतं. मी शहाळ्यात तोंड घातलं.

बिरूआबा कुशीवर वळले. “पावनं, सगळं तेस्नी दिलं, तर आमी कुटं जायाचं, त्ये बी सांगून जावा की.”

मेहुणे म्हणाले, “आबा, तुम्हाला योजना असते ना.”

“व्हय. हाय की. कार्ड हाय. डाक्टर न्हाय.”

मंगळवारी बिरूआबांचा पाय मांडीपासून काढला. मॅडमनी तीन दिवस पाय वाचवायला बघितलं, पण त्यांच्या दोन बोटांना आबांच्या पायावर काही लागलं नाही. ऑपरेशनला नेताना आबांची म्हातारी पलंगाजवळ त्यांची उजवी वहाण हातात धरून उभी होती. ती कुठं ठेवायची हे ती कोणाला तरी विचारत होती आणि कोणी सांगत नव्हतं.

दुपारी मॅडम वॉर्डात येऊन रिकाम्या खुर्चीवर बसल्या. मी म्हणालो, “मॅडम, आबा लवकर आले असते तर?”

“लवकरच आले होते ते,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी गेले होते केंद्रात. आम्ही नव्हतो तिथं.”

एवढं बोलून त्या पुढच्या पलंगाकडं गेल्या.

मी हा प्रसंग अनेकांना सांगितला. ऐकून लोक लगेच दोन तट करतात. एक म्हणतो, बघा, खासगीवाले कसाई. दुसरा म्हणतो, बघा, सरकारी म्हणजे उशीर. आणि चहा पिऊन घरी जातात. मीही असाच जात होतो, म्हणून मला त्यांची इतकी चीड येते. एका ठिकाणी पाय कापायची घाई होती आणि दुसऱ्या ठिकाणी पाय बघायलाच माणूस नव्हता. जिथं कापायची घाई होती तिथला खर्च सरकार द्यायला तयार होतं. जिथं बघायला माणूस हवा होता तिथला पगार द्यायला ते तयार नव्हतं. दोन्हीकडं पैसा आपलाच. कार्डं वाटताना फोटो काढतात. आबांच्या केंद्रातल्या रिकाम्या खुर्चीचा फोटो कोणी काढत नाही. वाद घालायचाच तर त्या खुर्चीवरून घाला. सरकारी की खासगी हे मला विचारू नका. मी थेट खेकसतो, शैलाला विचारा.

तीन बोटांची चप्पल

आता चार महिने झाले. जखम भरली. तीन बोटांच्या पायाला खास चप्पल करून घेतलीय. चालताना थोडा डावीकडं कलतो, त्यामुळं गल्ल्यामागं उभा राहिलो की गिऱ्हाईकाला वाटतं, मी भाव कमी करायला वाकलोय. मुलगी येऊन चार दिवस राहून गेली. पहिल्याच दिवशी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

बिरूआबांच्या कृत्रिम पायासाठी मी आणि शैला दोनदा कचेरीत जाऊन आलो. माप घेणारा माणूस यायचा आहे.

मागच्या आठवड्यात दुकान बंद करताना एक गोष्ट मी शैलाला विचारली, जी इतके दिवस मनात होती. त्या दिवशी मी सही केली होती, मुलगी ओरडत होती, मोठे डॉक्टर मांडीची भीती घालत होते. ही बारावी शिकलेली बाई नाही म्हणाली कशाच्या जोरावर? मला वाटलं, काहीतरी मोठं ऐकायला मिळेल. देवाचा कौल म्हणेल, माझ्यावरचं प्रेम म्हणेल.

ती कापडाची घडी घालत होती. म्हणाली, “जोर कसला? त्या मोठ्या डॉक्टरनं पट्टी सोडलीच नव्हती. पाय बघितलाच नव्हता त्यानं. तुम्ही एक्स-रेकडं बघत होता, मी त्याच्या हाताकडं बघत होते.”

मी म्हणालो, “आणि सरकारीतल्या मॅडमनीही सोडली नसती तर?”

तिनं दिवा मालवला आणि शटरला हात लावत म्हणाली, “तर केली असती सही. तिसरीकडं कुठं जाणार होतो आपण?”